कोटणिसांच्या गावचा माणूस

शिजियाझुआंग,
६ एप्रिल

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

बीजिंगमधील काम ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी आटोपले. बरोबरची मंडळी चीनची भिंत पाहायला गेली आणि मी आगगाडीने जवळजवळ २८० किलोमीटर दक्षिणेला, येथे आलो. वेगवान गाडीने सव्वा तास पुरतो. शिजियाझुआंग म्हणजे ‘शी घराण्याची वाडी’. विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वेचे फाटे येथे जुळले, तेव्हा वाडीचे शहर झाले, आणि आज ती हबेई प्रांताची राजधानी आहे. परदेशी प्रवासी येथे सहसा फिरकत नाहीत. मी कशासाठी आलो, हे तुला सांगायला नकोच.

पण चीनमध्ये रुग्णसेवा करता करता गेलेल्या आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचे ‘कोटणीस’ हे नाव येथे कोणालाही कळत नाही. टॅक्सीवाल्याला मी ते चार तऱ्हांनी उच्चारून दाखवले आणि तो दरवेळी अदबीने मान हलवत राहिला. अखेर फोनवर लिहिलेली चिनी अक्षरे पुढे धरताच तो मोठ्याने म्हणाला, “के दीहुआ!” हे त्यांचे चिनी नाव. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातील पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी हे ‘हुआ’, म्हणजे ‘चीन’, जोडलेले आहे. आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही त्यांतलेच. आपण सोलापूरकर ज्या नावाचा अभिमान बाळगतो, ते नाव येथे निरुपयोगी ठरावे याचे प्रथम थोडे वाईट वाटले, हे कबूल करतो.

हुतात्म्यांच्या स्मारक-उद्यानात परवा छिंगमिंगची गर्दी होती. आपल्या सर्वपित्रीसारखाच हा पितरांच्या स्मरणाचा दिवस, फक्त येथे लोक थडग्यांवर जाऊन साफसफाई करतात आणि फुले वाहतात. त्याच युद्धात चिनी जखमींची सेवा करणारे कॅनडाचे डॉ. बेथून आणि आपले कोटणीस, दोघांचीही थडगी याच उद्यानात आहेत. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा पुढे कोटणिसांनी वाहिली. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले तेव्हा अवघे ३२ वर्षांचे होते आणि मुलगा चार महिन्यांचासुद्धा झाला नव्हता. त्या मुलाचे नाव यिनहुआ: ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. तोही पंचविशी गाठण्यापूर्वीच गेला, हे मला येथे येण्याआधी ठाऊक नव्हते.

थडग्यापाशी मी बराच वेळ उभा राहिलेला पाहून एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. बरोबर त्यांची महाविद्यालयात शिकणारी नात होती, आणि तिच्या इंग्रजीवर आमचा संवाद चालला. मी के दीहुआंच्या गावचा आहे हे तिने सांगताच आजोबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि लगेच विचारले, “तुमच्या गावात काय पिकते, लोक काय करतात?” मी म्हणालो, चादरी आणि टॉवेल, पूर्वी मोठ्या कापडगिरण्या होत्या, आता बंद पडल्या. त्यावर ते हसले. तेही गिरणी कामगार निघाले! १९५० च्या दशकात या शहरात मोठ्या कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांतल्या एकीत त्यांनी उमेदीची सारी वर्षे घालवली होती. बोलता बोलता त्यांनी मागावर तुटलेल्या धाग्याला गाठ कशी मारायची ते रिकाम्या बोटांनी करून दाखवले. सुधीर, माझे वडील जेवणानंतर ओट्यावर बसून अगदी तश्शीच बोटे फिरवीत असत. त्यानंतर आम्हांला दुभाष्याची गरज फारशी भासली नाही.

दुपारी त्यांनी मला घराजवळच्या एका छोट्या खानावळीत नेले. येथील प्रसिद्ध पदार्थ म्हणजे गाढवाच्या मांसाने भरलेली खुसखुशीत रोटी. मी हात जोडले आणि सगळे टेबल हसले. मग वाफवलेला पाव आला, तेव्हा मी पिशवीतून शेंगाचटणीची पुडी काढली. मालकीणबाईंनी वास घेतला आणि “हुआशंग!” म्हणाल्या, म्हणजे शेंगदाणा. तो या प्रांतातही भरपूर पिकतो. लसूण आणि तिखट त्यांनी आपणहून ओळखले. पैसे देताना मात्र माझी पंचाईत झाली, कारण येथे सगळे फोनवर चालते आणि माझ्या नोटेची सुटी रक्कम शोधायला बाईंना शेजारच्या दुकानात जावे लागले.

काल झंगदिंग या जुन्या गावी जाऊन आलो. तेथील लुंगशिंग या बौद्ध मंदिरातील अवलोकितेश्वर या करुणामय बोधिसत्त्वाची काशाची मूर्ती इ. स. ९७१ मधील असून वीस मीटरहून उंच आहे. मान दुखेपर्यंत पाहिली. तिच्याविषयी भेटीत सविस्तर बोलू.

आता तुझ्याकडे एक काम आहे. निरोप घेताना आजोबांनी विचारले की के दीहुआंचे घर अजून उभे आहे का. मी “हो, तेथे स्मारक आहे” असे सांगितले. “आत काय काय आहे?” हा त्यांचा पुढचा प्रश्न होता, आणि मला मान खाली घालावी लागली, कारण त्या दारावरून शेकडो वेळा गेलो असूनही आत पाऊल टाकलेले नाही. तेव्हा या रविवारी जरा सवड काढ, घराचे बाहेरून आणि आतून फोटो घे, आणि मला धाड. नातीचा पत्ता माझ्याजवळ आहे. फोटोत तूही उभा राहा. फोटो तिला पाठवताना सोबत चटणीचा उल्लेख मी करीनच.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक