इग्वाना आणायचा असेल तर आधी उजेडाचं बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत इग्वानाचा, म्हणजे सरड्याच्या जातीतल्या एका मोठ्या प्राण्याच्या पिल्लाचा फोटो आला होता, हिरवागार, वीतभर, एका मुलाच्या खांद्यावर बसलेला, आणि खाली ओळ होती की हा भुंकत नाही, याचे केस गळत नाहीत, फिरायला न्यावं लागत नाही, सांभाळायला एकदम सोपा. ती ओळ वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले. मी अकरा वर्षं इग्वाना सांभाळतेय, पहिला माझ्याच हातून गेला, दुसरी अजून आहे. तो फोटो बघून ज्या घरांत आज-उद्या असं पिल्लू येणार आहे त्यांच्यासाठी हे पत्र आहे. जरा लांबलंय, कापावं लागलं तर कापा, पण उजेडाचा भाग कापू नका प्लीज.

पहिल्याला आणला तेव्हा तो शेपटीसकट माझ्या पंजापेक्षा थोडासाच लांब होता. विकणाऱ्याने काचेचा टँक दिला, साधा पिवळा बल्ब दिला, प्लगला लावून गरम होणारा एक दगड दिला आणि सांगितलं की टँक जेवढा तेवढाच हा वाढतो, टेन्शन घेऊ नका, पालक आणि लेट्यूस घाला, पाणी ठेवा, झालं. मी टँक खिडकीपाशी ठेवला. सकाळचं ऊन बंद काचेतून थेट आत यायचं, तो त्या उन्हात डोळे मिटून पडलेला असायचा आणि मला इतकं समाधान वाटायचं की चला, याला ऊन तरी भरपूर मिळतंय.

खिडकीच्या काचेतून ऊन येतं, पण त्यातलं त्याला जे पाहिजे असतं तेच काचेत अडतं. हे मला दीड वर्षाने कळलं.

त्या दीड वर्षात काय काय दिसत होतं ते नीट सांगते, कारण आज कुणाच्या घरात हेच दिसत असेल तर अजून वेळ असू शकते. आधी त्याच्या मांड्या भरल्या, गुटगुटीत झाल्या, आणि आम्ही सगळे कौतुकाने म्हणायचो की बघा कसं बाळसं धरलंय. ती सूज होती, आतलं हाड कमजोर झालं की शरीर त्याच्याभोवती तंतूंचं भरताड घालतं त्याची. मग त्याचं बसणं बदललं. निरोगी इग्वाना पुढच्या पायांवर उठून छाती वर काढून बसतो, हा पोट घासत सरकायला लागला. पायांची बोटं मधूनच आपोआप थरथरायची, मला वाटायचं स्वप्न बघत असेल. खाणं कमी झालं तेव्हा कुठे डॉक्टरकडे नेला, सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम करणाऱ्या डॉक्टर शोधायलाच बरेच दिवस गेले. त्यांनी एका हाताने डोकं धरलं, दुसऱ्या हाताचं बोट खालच्या जबड्याच्या हाडावर ठेवून अगदी हलकं दाबलं, आणि ते हाड आत गेलं, रबरासारखं, बोट काढल्यावर सावकाश परत आलं. मला म्हणाल्या तुम्हीही बोट लावून बघा. मी लावलं. तो स्पर्श अजून बोटाला आठवतो. एक्सरेमध्ये हाडांच्या जागी धूसर सावल्या होत्या आणि एका मांडीत जुनं फ्रॅक्चर होतं, ते कधी झालं आम्हाला पत्ताच नाही, कारण हा प्राणी कण्हत नाही, ओरडत नाही, दुखणं लपवून बसून राहतो. कॅल्शियमची इंजेक्शनं सुरू केली पण उशीर झाला होता, तीन आठवड्यांत गेला.

या आजाराला मेटाबोलिक बोन डिसीज म्हणतात. उन्हात अल्ट्राव्हायोलेट किरणांचा एक पट्टा असतो, यूव्हीबी, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचा, तो इग्वानाच्या कातडीवर पडला की कातडीत व्हिटॅमिन डी३ तयार व्हायला लागतं, आणि ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून नीट रक्तात जातं. ते नसलं तर तुम्ही कितीही कॅल्शियम घाला, त्यातलं बहुतेक तसंच बाहेर पडतं. पण हृदयाला, स्नायूंना कॅल्शियम लागतंच, मग शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. रोज थोडं थोडं. माझा इग्वाना दीड वर्ष माझ्या डोळ्यांसमोर स्वतःची हाडं संपवत होता आणि मी त्याला उन्हात बसलेला बघून खूश होत होते.

म्हणून पिल्लाच्या आधी यूव्हीबीची ट्यूब घरात आली पाहिजे, खास सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळते ती, साधी पांढरी ट्यूब नाही. ट्यूब आणि प्राणी यांच्यामध्ये काच किंवा प्लास्टिक नको, अंतर पाकिटावर दिलेलं असेल तेवढंच, त्यापेक्षा लांब टांगली की किरण पोचत नाहीत आणि फार जवळ आणली तर डोळ्यांना त्रास होतो. दिवसाला बारा तास चालू आणि रात्री पूर्ण अंधार. आणि ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती, की ट्यूब दिसायला छान पेटत राहते पण तिच्यातलं यूव्हीबी हळूहळू कमी होत जातं, त्यामुळे सहा महिने ते वर्षभरात ती बदलायलाच लागते, आपल्या डोळ्यांना उजेड तसाच दिसत असला तरी. मी आता ट्यूबच्या टोकाला मार्करने तारीख लिहून ठेवते. खरं ऊन मिळत असेल तर त्याच्यासारखं काही नाही, फक्त ते जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागात सावली ठेवून, आणि आपण समोर बसून. काचेचा टँक कधीच उन्हात ठेवू नका, थोड्याच वेळात तो भट्टीसारखा तापतो आणि आतला प्राणी भाजून मरतो.

उजेडाच्या जोडीला ऊब. इग्वाना अंगाची ऊब बाहेरून घेतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचा संबंध पोटाशी आहे हे लक्षात येत नाही. त्याचं अन्न म्हणजे पानं, आणि ती पानं मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवून पचवतात, त्या जिवाणूंना गरम पोट लागतं. थंड पडला तर खाल्लेलं तसंच आत राहतं. म्हणून उजेडाखालची एक फांदी ३५ डिग्रीच्या आसपास हवी आणि पिंजऱ्याची दुसरी बाजू २६-२७, म्हणजे तो स्वतःच ठरवून इकडून तिकडे जातो, आणि रात्री २३ च्या खाली जाऊ देऊ नका. थर्मामीटर दोन लावा, एक गरम जागी एक थंड जागी, हात लावून अंदाज करू नका. हवेत ओलावा ६५-७० टक्क्यांच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर कात नीट निघत नाही आणि बोटांवर, शेपटीच्या टोकावर तिच्या रिंगा अडकून रक्त थांबतं, ते टोक वाळून गळतं. तो गरम दगड मात्र फेकून द्या. हा झाडावर राहणारा प्राणी, त्याला ऊब वरून येणार एवढंच माहीत, खालून पोट भाजतंय तरी तो तिथेच पडून राहतो. बल्बलाही जाळी लावा, तो चढून थेट त्याला चिकटतो.

खाण्याचं थोडक्यात सांगते. इग्वाना जन्मभर पानंच खातो. प्रोटीनसाठी किडे द्या, अंडं द्या, कुत्र्याचं खाणं द्या असं अजून कुणी कुणी सांगतं, त्याने वर्षा-दोन वर्षांत काही दिसत नाही, पण किडनी खराब होत जाते. पानांत कॅल्शियम फॉस्फरसच्या दुपटीने हवं. जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, मोहरीची पानं, सोबत थोडा लाल भोपळा, फरसबी, फळ अगदी चवीपुरतं. पालकात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं, आणि लेट्यूस म्हणजे निव्वळ पाणी, म्हणजे मला सांगितलेलं पूर्ण जेवणच उलटं होतं. एक गोष्ट मला फार भावते ती इथे लिहितेच. पनामातल्या जंगलात १९८० च्या सुमारास झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की अंड्यातून निघालेली पिल्लं मोठ्या इग्वानांच्या जवळ जाऊन त्यांची विष्ठा खातात, आणि त्यातून पानं पचवणारे जिवाणू त्यांच्या पोटात येतात. आपण ते पिल्लू एकटं काचेत आणून ठेवतो. त्याचं जे नैसर्गिक आहे त्यातलं काय काय आपण तोडतो याची ही एकच गोष्ट झाली.

आता दुसरीबद्दल. एका कुटुंबाला ती नकोशी झाली होती, चार वर्षांची होती, तिचं नाव राणी, आज तेरा वर्षांची आहे. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दीड मीटर, त्यातली जवळजवळ दोन तृतीयांश शेपटी. नर याहून मोठे होतात, आणि नीट सांभाळला तर इग्वाना पंधरा-वीस वर्षं जगतो. टँकएवढाच वाढतो हे सपशेल खोटं आहे, तो वाढतच जातो, किंवा आजारी पडून वाढ खुंटते. राणीला माणसाच्या उंचीएवढा पिंजरा आहे, आत आडव्या जाड फांद्या, कारण उंचावर बसल्याशिवाय तिला सुरक्षित वाटतच नाही. काचेवर अधूनमधून पांढरे ठिपके पडतात, पहिल्यांदा बघून घाबरले होते, सर्दी झाली वाटलं, पण इग्वाना जादा मीठ नाकातल्या ग्रंथींतून शिंकून बाहेर टाकतो, ते वाळलेलं मीठ असतं.

ती आली तेव्हा मी हात पुढे केला की शेपटी फटकन बसायची, हातावर वळ उठायचे. मग कळलं की मी हात वरून आणत होते. इग्वानाच्या डोक्यावर मधोमध एक फिकट खवला असतो, ती एक प्रकारची तिसऱ्या डोळ्यासारखी जागा, चित्र दिसत नाही पण वरून सावली पडली की लगेच कळतं, आणि वरून सावली म्हणजे त्यांच्यासाठी शिकारी पक्षी. त्यानंतर मी रोज पिंजऱ्यासमोर बसून नुसती वाचत बसायचे, मग हात खालून, बाजूने, हातात जास्वंदीचं फूल. आठ महिने लागले तिला माझ्या हातावर पाय ठेवायला. शेपटीला मात्र कधीच धरायचं नाही, तुटते, आणि परत आलीच तर काळपट आणि वेगळी येते.

आमच्याकडे आली त्या दुसऱ्या वर्षी राणीने खाणं बंद केलं. पोट फुगलेलं आणि ती दिवसभर पिंजऱ्याचा कोपरा खरवडत होती, नखं झिजेपर्यंत. पहिल्याची आठवण येऊन माझ्या पोटात गोळाच आला. डॉक्टरांनी एक्सरे दाखवला, आत नुसती अंडी, द्राक्षांच्या घडासारखी. नर कधी जवळ आलेला नसतानाही मादी अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. तिला फक्त खणायला जागा हवी होती. आम्ही मोठ्या झाकणाच्या टबला भोक पाडून आत ओलसर माती आणि वाळू भरली, ती आत गेली, दोन दिवस खणत होती, आणि बाहेर आली तेव्हा चिपाड झालेली, कातडी लोंबत होती. चौतीस अंडी. मादी या काळात काही आठवडे खात नाही पण तरतरीत असते, ते चालतं, पण सुस्त पडून राहिली तर त्याच दिवशी डॉक्टर, कारण अंडी अडकली तर जीव जातो. ही जागा मिळाली नाही म्हणून किती माद्या मरत असतील देव जाणे.

घरात पाच वर्षांखालचं मूल असेल, कुणी गरोदर असेल, कुणाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर हा प्राणी आणू नका. दिसायला ठणठणीत इग्वानाच्या विष्ठेतही साल्मोनेला, म्हणजे माणसाला जुलाब-ताप देणारा जिवाणू असू शकतो. बाकीच्यांनी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचे, त्याची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही.

आणि नको झाला म्हणून बाहेर सोडायचा नाही, कधीच. हा मेक्सिको ते दक्षिण अमेरिका या पट्ट्यातला प्राणी. फ्लोरिडात १९६० च्या दशकापासून सुटलेले, सोडलेले इग्वाना तिथलेच होऊन बसले, कालव्यांचे काठ पोखरतात, झाडं फस्त करतात. जानेवारी २०२० मध्ये थंडीची लाट आली तेव्हा तिथल्या हवामान खात्याने इशारा दिला होता की गारठलेले इग्वाना झाडांवरून खाली पडतील, आणि २०२१ मध्ये त्या राज्याने त्यांना बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं. जिथे थंडी जास्त तिथे सोडलेला इग्वाना सरळ मरतो. शिवाय १९७७ पासून हा प्राणी साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे देशाबाहेर न्यायचा-आणायचा तर परवाना लागतो, त्यामुळे विकणाऱ्याकडे कागद मागा, टाळाटाळ केली तर तिथून निघा.

संपादक साहेब, फोटो छापू नका असं मी म्हणत नाहीये. इग्वाना सुंदर असतो, राणी सकाळी ट्यूब लागली की एकेक करून पाय पसरते आणि पंधरा मिनिटांत काळपट हिरव्याची उजळ हिरवी होते, ते बघण्यासाठी मी रोज चहा घेऊन तिथेच बसते. फक्त पुढच्या वेळी पिल्लाच्या फोटोशेजारी मोठ्या इग्वानाचाही फोटो छापा, आणि "सोपा" या शब्दाच्या जागी यूव्हीबी ट्यूब, माणसाएवढा पिंजरा आणि वीस वर्षं एवढं लिहा. मोठ्याचा फोटो नसेल तर मी राणीचा पाठवते, वरच्या फांदीवर आडवी झाली की तिची शेपटी पिंजऱ्याच्या अर्ध्यापर्यंत खाली येते, तोच पाठवेन.

आपली,
एक नियमित वाचक