ल्यूकर्सच्या बसच्या रांगेत भेटलेल्या डॉक्टरकाकांना

आदरणीय डॉक्टरकाका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव मला माहीत नाही. दिवसभर मी ‘काका’ म्हणत राहिले, बाबा ‘डॉक्टर’ म्हणत राहिले, आणि संध्याकाळी डंडीची बस समोर आली तशी गर्दीच्या रेट्यात तुम्ही आत चढलात, आम्ही खाली राहिलो. फोन नंबर घ्यायचाही राहिला. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. मूळचे मिरजेचे, तिथल्याच मेडिकल कॉलेजात शिकून 1977 साली स्कॉटलंडला आलेले, आता डंडीच्या बाजूला राहणारे निवृत्त डॉक्टर कुणाच्या ओळखीत असतील, तर कृपा करून हे त्यांच्यापर्यंत पोचवा.

तारीख 15 जुलै 2022, शुक्रवार. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला गोल्फची 150वी ओपन स्पर्धा चालू होती. त्या आठवड्यात तिथे जवळपास 2 लाख 90 हजार माणसं आली, तिकिटं सोडतीत निघाली, आणि त्यातली शुक्रवारची दोन माझ्या नशिबी आली. मी ग्लासगोत नोकरी करते. गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तिकिटं काढली ती बाबांसाठी. बाबा बारा-तेरा वर्षांचे असल्यापासून शाळा सुटली की येरवड्याच्या गोल्फ मैदानावर कॅडी म्हणून, खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहायला, जायचे. पुढे खडकीच्या कारखान्यात लागले आणि ते सुटलं, पण साहेबाच्या पटच्या, म्हणजे चेंडू हलकेच खळग्याकडे ढकलायच्या फटक्याच्या, रेषेवर पाय द्यायचा नाही, त्याच्या नजरेच्या टप्प्यात हलायचं नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलंय की घरात कुणी कॅरमचा स्ट्रायकर लावला तरी ते जागच्या जागी थबकतात. लहानपणी त्यांनी त्या खेळाची पिशवी वाहिली होती. तिकीट काढून तो बघायला असे ते कधीच गेले नव्हते.

सेंट अँड्र्यूजजवळच्या ल्यूकर्स स्टेशनबाहेर बसच्या रांगेत बाबा मला म्हणाले, “टोपी घाल गं, ऊन लागेल.” आणि मागून आवाज आला, “ऊन नाही लागत हो इथे, वारा सांभाळा!” स्कॉटलंडमध्ये पाठीमागून मिरजेची मराठी ऐकू येणं म्हणजे काय असतं, ते तिथे राहणाऱ्यालाच कळेल. बसमध्ये तुम्ही बाबांना पहिला प्रश्न विचारलात तो “खेळता का?” आणि बाबा जरा अवघडून म्हणाले, “नाही, कॅडी होतो.” तुम्ही लगेच सरकून त्यांना खिडकीची जागा दिलीत. म्हणालात, “मग आज तुम्ही मला सांगायचं.”

खरं तर सांगितलंत तुम्हीच. मी नकाशावर टायगर वुड्सच्या मागे होलामागून होल, म्हणजे मैदानाच्या अठरा टप्प्यांतून, चालायचं ठरवून आले होते. तुम्ही तो बेत तिथल्या तिथे मोडीत काढलात. त्याच्यामागे दहा-दहा रांगा माणसं असतात, टोप्यांशिवाय काही दिसत नाही, आणि बाबांचा गुडघा ते चालू देणार नाही. तुमचं गणित साधं होतं. ओल्ड कोर्स, म्हणजे तिथलं मैदान, समुद्राच्या कडेने सरळ लांब जातो, टोकाला वळसा घेतो आणि तसाच परत गावात येतो. म्हणून गर्दीच्या आधी त्या टोकाला जाऊन बसायचं. सातव्या आणि अकराव्या होलचं ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीची बारीक गवताची जागा, तिथे एकच आहे, फेअरवे, म्हणजे तिथवर नेणारे गवताचे पट्टे, एकमेकांना छेदतात, आणि बसल्या जागेवरून तोच खेळाडू जाताना एकदा, येताना एकदा दिसतो. जोडग्रीनवरच्या दोन होलांची बेरीज नेहमी अठरा येते हे तुम्ही सांगितलंत, तेव्हा बाबा बोटांवर मोजत बसले. दोन आणि सोळा, तीन आणि पंधरा. प्रत्येक जोडी जुळली की तुमच्याकडे बघून मान डोलवायचे.

चालताना बाबा मागे पडायला लागले, तेव्हा तुम्ही काखेतलं घडीचं स्टूल उघडून त्यांच्यापुढे ठेवलंत. हिरव्या कॅनव्हासचं, एका कोपऱ्यात दुसऱ्या कापडाचं ठिगळ, आणि ते जाड दोऱ्याने इतकं नीट शिवलेलं की मला वाटलं हे टाके तुम्हीच घातले असणार. तुमचे मित्र पुढे कुठल्याशा स्टँडमध्ये तुमच्यासाठी जागा धरून बसले होते, हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही बाबांच्या चालीने चाललात. दर दोनशे पावलांवर स्टूल उघडायचं, बसायचं, पुढे निघायचं. त्या कोरड्या उन्हाळ्यात फेअरवे पिवळे पडून दगडासारखे कडक झाले होते. बाबांनी वाकून गवताला हात लावला आणि म्हणाले, “यावर चेंडू थांबणारच नाही.” तुम्ही म्हणालात, “म्हणूनच इथे चाळीस यार्डांवरूनही पटरच, पट करायची काठीच, काढतात.” मग वारा, उतार, चेंडूची पहिली टप्पी यावर तुम्हा दोघांचं जे सुरू झालं, त्यात मला शिरकाव नव्हता. बाबांना त्या विषयावर इतकं बोलताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. भारताचा अनिर्बन लाहिरीही त्या स्पर्धेत खेळतोय आणि त्याचा जन्म पुण्याचा, हे कळल्यावर तर बाबांना आणखीच चेव आला.

परतीच्या वाटेवर तुम्ही आम्हाला सतराव्या होलच्या कडेला थांबवलंत. ग्रीनला चिकटलेला तो खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, पलीकडे डांबरी रस्ता आणि दगडी भिंत. 1978 साली तुम्ही तुमची इथली पहिली ओपन पाहिलीत, त्या वेळी जपानच्या नाकाजिमाचा पट घरंगळत त्या बंकरात गेला आणि त्याचे एका होलला नऊ फटके झाले, ते तुम्ही हातवारे करून सांगितलंत. वर म्हणालात, “बंकरवरून उडवायला जातात आणि फसतात. शहाणा माणूस बाजूने पट करतो.” रविवारी आम्ही ग्लासगोला टीव्हीसमोर होतो. ऑस्ट्रेलियाचा कॅमरन स्मिथ दहाव्यापासून ओळीने पाच बर्डी मारून, म्हणजे पाच होल ठरलेल्यापेक्षा एकेक फटका कमी घेऊन, पुढे गेलेला, आणि सतराव्याला चेंडू नेमका त्या बंकरच्या आड. त्याने पटर काढला, चेंडू उतारावरून बंकरला वळसा घालून वर नेला आणि पार, म्हणजे ठरलेल्या फटक्यांचा हिशोब, वाचवला. बाबा सोफ्यावरून उठून ओरडले, “डॉक्टर!”

पण हे पत्र मी लिहितेय ते शेवटच्या, अठराव्या होलसाठी.

आम्ही पोचलो तेव्हा स्टँड खच्चून भरले होते. उजव्या कुंपणालगत माणसांची भिंत, घरांच्या खिडक्या आणि गच्च्याही भरलेल्या. मी मनात म्हटलं, आता आवाज ऐकून समाधान मानायचं. तुम्ही पुढच्या लोकांना हळूच काहीतरी सांगायला लागलात. मला तुकडेच ऐकू आले: पुणे, लहानपणी कॅडी, सत्तर वर्षांचे. एक बाई सरकल्या, मग त्यांच्यापुढचा मुलगा, मग एक आडदांड गृहस्थ. बघता बघता बाबा सगळ्यांत पुढे, तुमच्या स्टुलावर. त्यांच्यामागे मी. तुम्ही मात्र पार मागे राहिलात.

टायगर स्विल्कन बर्न नावाच्या ओढ्यावरच्या त्या छोट्या दगडी पुलावरून आला. अपघातात मोडलेला पाय ओढत, चाहत्यांना टोपी दाखवत. 2000 आणि 2005 ला ज्याने इथेच ओपन जिंकली, तो या वेळी नऊ ओव्हरवर, म्हणजे ठरलेल्यापेक्षा नऊ फटके जास्त, होता, कट हुकणार आणि शनिवार-रविवारी तो खेळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या आणि अठराव्याचा फेअरवे सलग, त्यामुळे दुसरा नामवंत खेळाडू रोरी मॅकिलरॉय पलीकडून आपला राउंड सुरू करत निघाला होता. त्याने टोपीला हात लावला. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं आणि बाबांनी खालून माझा हात ओढला. “कॅडी बघ. मुद्दाम मागे थांबलाय. त्याला एकट्याला चालू देतोय.” मी बघितलं, खरंच. कॅडी आणि दोन्ही जोडीदार मागे राहिले होते. तेवढ्या हजारो माणसांत ते बाबांनी टिपलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि टायगर ग्रीनवर पोचेपर्यंत ती परत घातली नाही.

बसच्या रांगेत मी सहज विचारलं, “काका, तुम्हाला दिसलं ना नीट?” तुम्ही म्हणालात, “टाळ्या ऐकल्या ना.” मग तुमच्याच बोलण्यातून कळलं की 1978 पासून सेंट अँड्र्यूजची एकही ओपन तुम्ही चुकवली नव्हतीत, 2000 ला टायगर इथे जिंकला तेव्हा तुम्ही त्याच कुंपणाशी होतात, आणि या वर्षी खास त्याचा तो पूल ओलांडतानाचा क्षण बघायला आला होतात. मी काही बोलायच्या आत बस आली.

काका, तुमचे आभार मानायला मला शब्द सापडत नाहीत, आणि तिथे उभ्या उभ्या साधं ‘थँक यू’ म्हणायचंही राहून गेलं. ती जागा तुमची होती. चव्वेचाळीस वर्षांच्या येण्याजाण्यावर तुमचा तो हक्क होता, आणि चार तासांच्या ओळखीवर तुम्ही तो माझ्या वडिलांना दिलात.

तुमचं स्टूल बाबांच्या हातात राहिलं. ते इथे ग्लासगोला माझ्या दाराशी आहे. घडी नीट होते, एका पायाच्या रबरी बुचात अजून तिथली वाळू आहे, ती मी काढलेली नाही. बाबांचा पुण्याहून फोन आला की तब्येतीच्या आधी ते विचारतात, “डॉक्टरांचं स्टूल पोचवलंस का?” 2027 च्या जुलैमध्ये ओपन परत सेंट अँड्र्यूजला येतेय. सोडतीत मी तीन तिकिटं मागणार आहे. तोवर हे पत्र तुम्हाला मिळालं नाही, तर शुक्रवारी सकाळी ल्यूकर्सच्या बसच्या रांगेत आम्ही स्टूल घेऊन उभे असू. या वेळी पुढे तुम्ही बसायचं, बाबा मागे उभे राहणार आहेत. तसं त्यांनी ठरवून टाकलंय.

तुमची,
पुण्याच्या कॅडीची मुलगी