ब्रेक घेण्याआधी माझं ऐक

कोलोन, १८ सप्टेंबर २०२४

प्रिय बंड्या,

ऑक्टोबरात नॉर्डश्लाइफेच्या रेस ट्रॅकवर जायचं म्हणून बघितलेल्या मोठ्या ब्रेक किटचे फोटो मिळाले. चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारे पिवळेधमक कॅलिपर, सहा-सहा पिस्टन, ३५५ मिलिमीटरची डिस्क. दिसतात झकास, खोटं कशाला बोलू! पण "घेऊ का?" असं विचारलंयस, तर माझं उत्तर "आत्ता नको". फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच तोडून आपलं घोडं दामटलं असतंस, म्हणून हा कागद काळा करतोय.

गाडी जुनी असली तरी टोयोटाची जीटी ८६ आहे, नशीबवान आहेस. हलकी, साडेबाराशे किलोच्या आसपास. कंपनीच्या ब्रेकची पुढची डिस्क २९४ मिलिमीटर, मागची २९०. आता एक कर. मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना शंभरच्या वेगात कचकन ब्रेक दाब. पायाखाली एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, थरथरलं ना? म्हणजे टायर पकडू शकतो त्यापेक्षा जास्त जोर तुझ्या ब्रेकमध्ये आजच आहे. त्यावर सहा पिस्टन लाव नाहीतर सोळा, त्या एका दाबात गाडी हातभरही आधी थांबणार नाही. टायर बदल, ती थांबेल. या गाडीला नवी असताना मिशेलिन प्रायमसी टायर यायचे, पेट्रोल वाचवणाऱ्या प्रियुसला यायचे तेच! तुझ्याकडे अजून तेच असतील तर पहिले पैसे तिथे घाल.

मग मोठे ब्रेक लोक घेतात कशासाठी? उष्णतेसाठी. आपण हे कॉलेजात शिकलो होतो, पण तेव्हा कुणाला कळलं होतं! तुला धरून गाडी साडेतेराशे किलो. एकशे नव्वदवरून नव्वदवर आणलीस तर तीन-चार सेकंदांत जेवढी ऊर्जा डिस्कमध्ये जाते तेवढ्यात चार लिटर गार पाणी उकळेल. एकदा झालं तर काही नाही. नॉर्डश्लाइफेचा फेरा २०.८ किलोमीटरचा, वळणं सत्तरच्या वर, चढउतार तीनशे मीटरचा. तिथे हे पाणी तू परत परत उकळत असतोस.

आता माझी फजिती. तुला सांगितली नव्हती, कारण तू चारचौघांत सांगत सुटला असतास. नॉर्डश्लाइफेवर जायला लागल्याच्या दुसऱ्याच वर्षी, नवे ट्रॅकचे पॅड टाकून, छाती फुगवून गेलो होतो. वेअरझाइफेनचा तो तीव्र उतार आहे ना, तिथून ब्राइडशाइडच्या पुलाकडे येताना पाय खाली गेला तो जातच राहिला. लोण्यात सुरी जावी तसा. दोनदा भराभर पंप मारले तेव्हा कुठे थोडं हाती लागलं. पुलानंतर लगेच एक्स-म्यूलेचा चढ लागतो, त्याने वाचवलं. त्याच्या पुढचा अर्धा फेरा मी बैलगाडीच्या वेगाने पुरा केला आणि लोक मागून दिवे मारत होते.

पॅडचा दोष नव्हता. ब्रेक ऑइल तीन वर्षांचं होतं. ते हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल ताजं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की १५५ लाच उकळलं तरी ते नियमात बसतं. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला लागतं. एवढ्या कंजुषीपायी मी एक्स-म्यूलेच्या चढाला हात जोडले.

हा फरक नीट लक्षात ठेव. पेडल मऊ होऊन खाली गेलं तर दुखणं ऑइलचं. पेडल दगडासारखं कडक आहे, पण गाडी थांबत नाही आणि वास सुटलाय, तर पॅड तापून निसटतोय. खोपोलीजवळ बोरघाटाच्या पायथ्याशी ट्रकांना येतो तो वास आठव. पहिल्या दुखण्यावर मोठी डिस्क घेणं म्हणजे ताप आला म्हणून नवी गादी आणणं.

म्हणून ऑक्टोबरसाठी एवढंच कर. मोतुल आरबीएफ ६०० किंवा तशाच तोडीचं ऑइल, ताज्या सीलबंद डब्यातलं, चारही चाकांची हवा नीट काढून. पुढे फेरोडो डीएस२५०० सारखे पॅड, घरी परतताना कर्कश्श ओरडत नाहीत असे. आणि डिस्कच्या कडेवर उष्णता दाखवणाऱ्या रंगाचे तीन ठिपके लाव. हिरवा ४३० अंशांना पांढरा पडतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. फेरा झाल्यावर चाकातून डोकावून बघ. लाल ठिपका लालच राहिला तर तुझी डिस्क ६१० पर्यंत गेलेलीच नाही. तिन्ही पांढरे पडले तर मला फोन कर, मग मोठ्या किटचं बोलू. हे सगळं त्या पिवळ्या किटच्या किमतीपुढे चिल्लर आहे.

आणि किट घ्यायचीच वेळ आली तर माझी दुसरी चूक करू नकोस. मी फक्त पुढचा संच घेतला होता. पिस्टन मोठे, पण पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर जुनाच. मोठ्या पिस्टनला ऑइल जास्त लागतं, म्हणून पेडल लांब आणि स्पंजासारखं झालं. वर पुढच्या चाकांवर इतका जोर यायला लागला की ती लगेच एबीएसमध्ये जायची आणि मागची चाकं आपली मजा बघत बसायची. थांबायचं अंतर उलट वाढलं! सहा महिन्यांत विकला. तेव्हापासून कोणी पिस्टन किती ते सांगायला लागला की मी पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ किती ते विचारतो. बहुतेकांना माहीत नसतं.

नंतर माझ्या जीटी ८६ ला केला तो साधा उपाय. याच गाडीची जुळी बहीण, सुबारू बीआरझेड, तिला काही बाजारांत कंपनीनेच ब्रेम्बोचे ब्रेक दिले होते, तेच बसवले. पुढे चार पिस्टन आणि ३२६ मिलिमीटर, मागे दोन पिस्टन आणि ३१६. पुढचं-मागचं गणित कारखान्यात बसवलेलं. पेडल होतं तसंच राहिलं. मित्रांना दाखवायला लाल रंगही आहे, तापून तापून आता वीटकरी झालाय.

घेण्याआधी चाक मोकळं आहे का ते बघ. फिक्स्ड कॅलिपर, म्हणजे डिस्कच्या दोन्ही बाजूंना पिस्टन असलेला, बाहेरच्या अंगाला जाड असतो, चाकाच्या आऱ्यांना घासतो. विकणारे कागदी नमुना देतात. मी तो चितळ्यांच्या बाकरवडीच्या खोक्यावर चिकटवून कापला आणि चाकात धरून फिरवला, तेव्हा कळलं की दोन मिलिमीटर कमी पडताहेत. दुसरी चाकं बघावी लागली. पुठ्ठ्याला अजून तेलाचे डाग आहेत, हवा असेल तर पाठवतो. शिवाय तुझ्या मॉडेलचं नाव असलेलं प्रमाणपत्र किटसोबत आहे का ते पैसे देण्याआधी विचार. गाड्या तपासणाऱ्या टीयूव्हीचा माणूस तुझ्याशी मराठीतून वाद घालणार नाही. गाडीच्या कागदांत नोंद नसेल तर अपघातानंतर विमावाले काय म्हणतील ते तुला सांगायला नको.

जाळीदार भोकांच्या डिस्कच्या नादी लागू नकोस, भोकांपासून तडे जातात. चर पाडलेली घे किंवा साधी.

आणखी एक. फेरा संपला की लगेच पार्क करून हँडब्रेक ओढू नकोस. पंधरा मिनिटं गावातल्या रस्त्याने सावकाश फिर, ब्रेक गार होऊ दे, मग गिअरमध्ये टाकून चाकाला ठोकळा लाव.

मी १२ तारखेला शनिवारी येतोय. पुलाजवळ उभा राहीन, तू खाली उतरताना वास घ्यायला. चकल्या घेऊन ये, आईने पाठवल्यात असं कळलंय.

तुझा,
रूम पार्टनर