पुसलेल्या प्रश्नचिन्हाबद्दल

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

सात महिने तुझ्या पत्राला उत्तर दिले नाही, त्याची क्षमा मागण्यासाठी लिहायला बसलो आहे असे समजू नकोस. क्षमा मागायची आहे, पण ती फार जुन्या गोष्टीबद्दल. आणि परवा धक्क्यावर ते तीन पक्षी दिसले नसते, तर ती गोष्ट मी बहुधा कधीच बोललो नसतो. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघ्याचे जे होते तेच आहे.

चार दिवस समुद्रावरून जोराचा वारा येत होता. अशा वाऱ्यानंतर एरवी खोल समुद्रावर फिरणारे पक्षी किनाऱ्याजवळ ढकलले जातात, हे तुला सांगायला नको, कारण वारा पडण्याची वाट न पाहता पहाटे धक्का गाठायची खोड मला तूच लावलीस. पाठीमागे शहराची वाहने सुरू होत होती आणि समोर लाटारोधक भिंतीच्या टोकाशी, परतणाऱ्या नौकांच्या मागे नेहमीचे कुरव, म्हणजे सीगल, घिरट्या घालत होते. त्यांच्यात तीन काळपट तपकिरी पक्षी होते. अंगाने भरलेले, रुंद पंखांचे, आणि त्यांतला एक तर एका सुरय पक्ष्याच्या मागे असा हात धुऊन लागला की त्या बिचाऱ्याने चोचीतला मासा सोडून दिला. 'स्कुआ!' मी मोठ्याने म्हणालो, दुसऱ्या पक्ष्यांचा घास लुटणारा तोच तो खोल समुद्रावरचा पक्षी. शेजारी गळ टाकून बसलेल्या गृहस्थांनी माझ्याकडे एकवार पाहिले आणि आपली पिशवी जवळ ओढून घेतली.

त्यानंतर मात्र तुझे ते चिडवणारे वाक्य आठवले : आधी पंख पाहा, मग शेपूट पाहा, आणि नाव सर्वांत शेवटी घे. म्हणून पाहिले. पहिल्या दोघांच्या पंखांवर पांढरे काहीच नव्हते; शेपटीच्या मुळाशी फिकट रंग आणि टोकाला गडद पट्टा होता. म्हणजे थोराड जातीच्या कुरवाची पिल्लेच, पहिल्या वर्षातली. मोठ्या कुरवांना प्रौढ पिसारा यायला सुमारे चार वर्षे लागतात आणि तोवर ती असल्याच मळक्या, ठिपकेदार तपकिरी वेषात हिंडतात. दुसऱ्याचा घास पळवणे ही काही स्कुआची मक्तेदारी नव्हे. उघड्या पाण्यावर शेजारी ओळखीचा पक्षी नसेल तर आकाराचाही अंदाज फसतो.

तिसरा पक्षी मात्र वळला आणि त्याच्या पंखावर पांढरे चमकले. छातीत धस्स झाले. तो भिंतीवर माझ्यापासून चाळीस पावलांवर येऊन बसला, त्याने पंख ताणला, आणि मला जे दिसले त्यासाठीच हे पत्र आहे. तो पिसे बदलत होता. वरची झाकणारी पिसे गळून पडलेली असल्यामुळे खालच्या उड्डाणपिसांची फिकट मुळे उघडी पडली होती, आणि पंखाच्या आतल्या भागावर एक तुटक, फाटक्या कडेचा पांढरट पट्टा तयार झाला होता. स्कुआचा पांढरा डाग असा नसतो. तो पंखाच्या बाहेरच्या भागात, लांब प्राथमिक पिसांच्या मुळाशी असतो.

आता कळले ना, मला कोणता पक्षी आठवला ते?

घरी येऊन माळ्यावरून कच्ची वही काढली. बारा वर्षांपूर्वीच्या त्या सकाळच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे : 'पांढरे, पंखाच्या मध्यावर? कडा तुटक.' पक्क्या वहीत त्याचे 'प्राथमिक पिसांच्या मुळाशी स्पष्ट पांढरा डाग' झाले. प्रश्नचिन्ह कुठे गेले, हे मला ठाऊक आहे. ते मी पुसले. मी खोटे लिहिले असे त्या वेळी मला वाटलेही नाही, कारण रात्रभरात तो डाग माझ्या डोळ्यांपुढे बाहेर सरकत सरकत नेमका हव्या त्या जागी जाऊन बसला होता. तू तेव्हाच म्हणाला होतास की हे कुरवाचे पोर आहे. मी सगळ्यांसमोर तुझ्या चष्म्याचा नंबर काढला. अण्णा हसले, आणि त्यानंतर तू दोन महिने धक्क्यावर आला नाहीस.

स्कुआची ती नोंद मागे घ्यायची, हे मी ठरवले आहे. अडचण अशी की खाली दोन सह्या आहेत. दुसरी तुझी आहे, आणि ती तू का केलीस हे आपण दोघेच जाणतो : मी तुझ्याशी बोलायचे थांबवले होते आणि तुला ते असह्य झाले. आता मी खरे कारण कळवले, तर तू पटत नसताना सही केलीस हे उघड होईल. कारण न देता 'नोंद संशयास्पद' एवढेच लिहिले, तर तुझीही नजर फसली असा अर्थ निघेल, जो धादांत खोटा आहे. सरांना सांगता आले असते. त्यांनी दोघांनाही झापले असते आणि विषय संपला असता. तीन रात्री याच विचारात गेल्या. तू म्हणशील तसे करीन. 'तुला वाटेल ते कर' असे मात्र लिहू नकोस. तुझ्या त्या वाक्याचा अर्थ मला पुरता माहीत आहे.

गंमत पुढेच आहे. काल पुन्हा गेलो, आणि एक पक्षी दूरवरून, कुरवांकडे ढुंकूनही न पाहता, सरळ निघून गेला. गडद, ताकदीचे उड्डाण, पंखाच्या बाहेरच्या भागात पांढरी चमक दोन वेळा. मोजून अकरा सेकंद. प्रौढ पोमराइन स्कुआच्या शेपटीतली मधली पिसे पिळलेल्या चमच्यासारखी दिसतात, परजीवी स्कुआची टोकदार असतात. पण मला शेपूट धड दिसलीच नाही, आणि कोवळ्या पक्ष्यांत ती पिसे तशीही आखूड असतात. वहीत लिहिले आहे : 'स्कुआ? जात सांगता येत नाही.' प्रश्नचिन्ह दोनदा गिरवले आहे. खरा असेल तर पहिलाच, आणि माझा मलाच भरवसा उरलेला नाही! या कुळाच्या शास्त्रीय नावाचा संबंध शेणाशी आहे, हे तुला आवडेल. पाठलागाला भ्यायलेले पक्षी जे ओकून टाकत ते पूर्वी लोकांना विष्ठा वाटे. म्हणजे बघण्यात चूक करणारा मी पहिला नव्हे.

तुझ्या बदलीचे कळले, बरे झाले. धाकटीच्या निकालाबद्दल तिला शाबासकी सांग. वहिनींना नमस्कार.

दोन्ही पानांच्या नकला सोबत जोडल्या आहेत. कच्च्या पानावर प्रश्नचिन्हाला पेन्सिलीने गोल केला आहे. पुढच्या वाऱ्याला ये, आणि येताना तुझी दुर्बीण आण. माझ्या दुर्बिणीच्या उजव्या भिंगावरचा ओरखडा अजून तसाच आहे. तो तू पाडलास, आणि त्याबद्दल मी तुला अद्याप माफ केलेले नाही.

तुझाच,
मी