स्नेहसंमेलन जानेवारीत घ्यावे

मा. संपादक,

२६ जूनच्या शाहू जयंतीपासून आमच्या भागातील हायस्कूलचे वर्ष रंगात येते. मग भर पावसात तालुका क्रीडा स्पर्धा. राधानगरी, गगनबावड्याकडे तेव्हा मैदानात चिखल असतो, फक्कीच्या रेषा तासाभरात वाहून जातात आणि खो-खोत वळताना मुलांचे घोटे मुरगळतात. त्या तारखा शाळेच्या हातात नसतात. स्नेहसंमेलनाची तारीख मात्र असते.

डिसेंबरात आठवीची एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा होते. बुद्धिमत्ता चाचणी आणि शालेय अभ्यासक्रम असे प्रत्येकी ९० प्रश्नांचे दोन पेपर, प्रत्येकी दीड तास. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरासाठी ही रक्कम फार मोठी आहे. आणि नेमके त्याच पंधरवड्यात नाच बसवायला आठवीचीच मुले वर्गाबाहेर काढली जातात! शालेय अभ्यासक्रमाची तयारी वर्गात होते. बुद्धिमत्ता चाचणीला मात्र रोजचा सराव लागतो, आणि तोच बुडतो.

संमेलन जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात घ्यावे, दहावीला सरावातून मोकळे ठेवावे. सराव शेवटच्या दोन तासांत उरकावा, म्हणजे वाडीवस्तीवरच्या मुलींची पासाची एसटी चुकणार नाही.

या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला जुलैतच काढून ठेवावा. आधार, शाळेचे रजिस्टर आणि बँक पासबुक यांवरचे नाव अक्षरशः एक आहे का, तेही तेव्हाच पाहावे. वडिलांच्या नावातल्या एका वेलांटीने पुढे पैसे अडकतात.

– ग्रामीण शिक्षक व पालक, राधानगरी तालुका, जि. कोल्हापूर