ऐक्यासाठी तोंड बंद ठेवायचे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

डाव्या पक्षांच्या एकजुटीवरील आपला कालचा अग्रलेख वाचला. निवडणुका होईपर्यंत मतभेदांची जाहीर वाच्यता करू नये, हा त्यातील सल्ला मला मुळीच पटला नाही. गेल्या महिन्यात रेशनच्या प्रश्नावर झालेल्या एका संयुक्त बैठकीत हाच सल्ला मला चारचौघांसमोर ऐकावा लागला. तूरडाळ आणि गोडेतेल रेशनवर मिळावे ही मागणी ठरावाच्या मसुद्यातून का वगळली, एवढेच मी विचारले होते. निमंत्रकांनी माझ्या हातातला माईक काढून घेतला आणि म्हणाले, "ताई, ऐक्याला तडा जाईल असे बोलू नका." मी खाली बसले, पण ते शब्द अजून मनातून जात नाहीत.

१९७२ साली मी शाळकरी मुलगी होते. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते होत्या, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या (माकप) अहिल्या रांगणेकर होत्या आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या (भाकप) तारा रेड्डीही होत्या. कम्युनिस्ट पक्षातील १९६४ ची फूट तेव्हा ताजीच होती. त्यात भर म्हणजे भाकपचा इंदिरा गांधींना पाठिंबा आणि माकप व समाजवादी ठाम विरोधात. आमच्या परळच्या चाळीत आई माकपची आणि शेजारच्या काकू भाकपच्या. समितीच्या लाटणे मोर्चाच्या आदल्या रात्री आमच्या खोलीत दोघींचा याच मुद्द्यावरून कडाक्याचा वाद झाला, तो सगळ्या मजल्याने ऐकला, आणि सकाळी त्याच दोघी थाळ्या-लाटणी घेऊन बरोबरीने जिना उतरल्या. तेल, साखर, धान्य आणि रॉकेल रास्त भावात मिळाले पाहिजे, याबद्दल त्यांच्यात दुमत नव्हते. त्या मोर्चात थाळी बडवून आईच्या लाटण्याला खोक पडली. पुढे कित्येक वर्षे आमच्या पोळ्यांवर त्या खोकेची बारीक रेघ उमटत असे.

त्या दोघींचे बोलणे तुटले ते आणीबाणीत. मृणालताई आणि अहिल्याताई तुरुंगात होत्या आणि काकूंचा पक्ष आणीबाणीचे समर्थन करत होता. तो घाव साधा नव्हता. १९७८ मध्ये भटिंडा येथील अधिवेशनात भाकपने ती आपली चूक असल्याचे मान्य केले, त्यानंतर काकू स्वतः आमच्या दारात आल्या आणि आईने त्यांना आत घेतले. चूक उघडपणे कबूल झाली नसती तर आईने दार उघडले असते, असे मला वाटत नाही. म्हणूनच मतभेद झाकून ठेवण्याचा आपला सल्ला मला घातक वाटतो. ज्या कार्यकर्त्याला बैठकीत बोलू दिले जात नाही, तो पुढच्या मोर्चाला येत नाही. गेल्या महिन्यातील बैठकीनंतर माझ्या ओळखीच्या दोघीजणी आलेल्या नाहीत.

जाता जाता आणखी एक. अग्रलेखासोबत आपण लाटणे मोर्चाचे जुने छायाचित्र छापले आहे आणि त्याखाली तो एकाच पक्षाचा मोर्चा असल्याचे म्हटले आहे. तो संयुक्त समितीचा मोर्चा होता, आणि त्यात कोणत्याही पक्षाच्या सदस्य नसलेल्या असंख्य गृहिणी होत्या. त्यांतल्या काहीजणी आजही आपले वृत्तपत्र वाचतात. कृपया ही दुरुस्ती त्याच पानावर आणि ठळक अक्षरांत प्रसिद्ध करावी.

आपली,
एक जुनी वाचक, परळ, मुंबई