आधी निदान, मग फोडाफोड

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पाणीबचतीवर वर्तमानपत्रांत नेहमी लिहिले जाते आणि त्यात ‘नळ घट्ट बंद करा’ ही सूचना हमखास असते. हेतू चांगला आहे, पण या घट्टपणामुळेच बरेच नळ लवकर गळू लागतात. तीन-चार वेढे फिरवायच्या जुन्या पद्धतीच्या नळात स्पिंडलच्या (मुठीसोबत फिरणाऱ्या दांड्याच्या) टोकाला रबरी वॉशर असतो. तो पितळी बैठकीवर टेकला की पाणी थांबते. पाणी थांबल्यावरही जोर लावत राहिले तर बैठकीची कड रबरात रुतते. असा वॉशर काढून उजेडात धरला की त्यावर कोरल्यासारखी गोल खाच दिसते. खाच सगळीकडे सारखी असेल तोवर नळ तग धरतो. ती एका अंगाला खोल गेली की ठिबकणे सुरू होते, मग आपण आणखी जोर लावतो आणि खाच आणखी खोल जाते. म्हणून पाणी थांबेल इतकाच नळ फिरवावा, असे छापले तर फार बरे होईल.

नळाच्या कुठल्या भागातून पाणी येते ते आधी पाहावे, कारण दुरुस्ती त्यावरच ठरते. तोटीतून ठिबकत असेल तर दोष वॉशरचा किंवा बैठकीचा. मुठीखालून, स्पिंडलच्या भोवतीने येत असेल तर वॉशर बदलून काही होणार नाही. तिथली ग्लँडची (स्पिंडलभोवती पाणी अडवणाऱ्या भरावाची) चाकी पान्ह्याने पाव वेढ्यापेक्षा कमी आवळून पाहावी, नाहीतर आतला दोरा किंवा ओ-रिंग (रबरी कडे) बदलावी. नळ भिंतीत शिरतो तिथून पाणी येत असेल तर आट्यांवरची टेप गेली. नवा वॉशर घालूनही थोड्याच दिवसांत पुन्हा ठिबकू लागले तर बैठकीलाच खड्डे पडले आहेत असे समजावे. बैठक घासून सपाट करायचे हत्यार मिळते. ते नसेल तर नळ बदलणेच शहाणपणाचे.

अर्ध्या किंवा पाव वेढ्यात उघडणाऱ्या नळात रबरी वॉशर नसतो. तिथे सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात आणि बिघाड झाला की आख्खे कार्ट्रिज (चकत्यांचा बंद संच) बदलावे लागते. ते डोळ्यांनी सारखे दिसले तरी उंची आणि मुठीच्या दात्यांची संख्या वेगळी निघते, म्हणून जुने कार्ट्रिज हातात घेऊनच दुकानात जावे. या चकत्यांचा खरा शत्रू म्हणजे बारीक रेती. पाइपलाइनचे काही काम झाले असेल तर तोटीची जाळी काढून पाणी काही वेळ वाहू द्यावे, मगच जाळी परत बसवावी.

ठिबकणे किती आहे हे अंदाजाने सांगू नये. नळाखाली मापाचा पेला १० मिनिटे ठेवावा आणि जमलेल्या पाण्याला १४४ ने गुणावे. पेल्यात ५० मिलिलिटर जमले तर दिवसाला ७.२ लिटर पाणी जाते.

नळाची गळती निदान दिसते. खरे नुकसान होते ते भिंतीत, फरशीखाली, छताच्या आत लपलेल्या गळतीने, आणि तिथे सर्वांत मोठी चूक म्हणजे ओल दिसली त्याच जागी छिन्नी लावणे. पाणी स्लॅबमधल्या सळईच्या, विजेच्या नळीच्या किंवा फरशीखालच्या भरावाच्या आधाराने दूरवर सरकते आणि वाट मिळेल तिथे बाहेर पडते. छताच्या मधोमध पडलेल्या डागाचे मूळ वरच्या मजल्यावरच्या मोरीच्या कोपऱ्यात असू शकते. ओल दिव्याच्या किंवा बटणांच्या जवळ असेल तर शोधाशोध करण्याआधी मेन स्विच बंद करावा, ही गोष्ट सर्वांत आधी.

ओल कधी वाढते, या प्रश्नातच अर्धे निदान असते. घरात पाणी वापरा किंवा वापरू नका, ओल रात्रंदिवस सारखीच राहते, तर दाबाखालच्या पुरवठ्याच्या पाइपमध्ये दोष. अंघोळ किंवा धुणे झाल्यावर दोन-चार तासांत वाढते आणि घर बंद असताना कमी होते, तर सांडपाण्याचा पाइप, नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचे पाणी जाण्याचे भांडे) किंवा फरशीचे सांधे. फक्त पावसात वाढते, तर प्लंबरला बोलावण्याआधी बाहेरच्या भिंतीच्या चिरा, खिडकीच्या कडा आणि गच्ची पाहावी. यासाठी ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून शेजारी तारीख-वेळ लिहावी. चार-पाच दिवस अशा रेघा ओढल्या की भिंतच सांगते.

पुरवठ्याच्या पाइपवर संशय असेल तर घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरकडे पाहावे. बऱ्याच मीटरच्या तबकडीवर एक छोटे चक्र असते, ते अगदी थोड्या प्रवाहानेही फिरते. ते फिरत असेल तर फ्लश टाकीचा अँगल कॉक (भिंतीतला छोटा काटकोनी कॉक) बंद करावा. चक्र थांबले तर गळती फ्लशची. थांबले नाही तर गीझरकडे जाणारा गार पाण्याचा कॉक बंद करावा. आता थांबले तर दोष गरम पाण्याच्या लाइनमध्ये, कारण ती सगळी लाइन त्या एका कॉकवरूनच भरते. तरीही फिरतच असेल तर गार पाण्याची लाइन. एकही फरशी न फोडता शोध निम्म्यावर येतो. घराला पाणी गच्चीवरच्या टाकीतून येत असेल आणि मीटर टाकीच्या आधी असेल, तर टाकीत येणारे पाणी बंद करून रात्री पातळीवर खूण करावी, सकाळी पाहावे, आणि हीच खेळी टाकीखालच्या एकेका व्हॉल्ववर करावी.

फ्लशची गळती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण पाणी आवाज न करता भांड्याच्या मागच्या बाजूने सरकत जाते. टाकीत खाण्याच्या रंगाचे थोडे थेंब टाकावेत आणि २० मिनिटे फ्लश ओढू नये. भांड्यात रंग उतरला आणि पाणी ओव्हरफ्लोच्या नळीत पडत नसेल तर तळाच्या व्हॉल्वचे रबर गेले. पाणी त्या नळीत पडत असेल तर दोष फ्लोटचा (पाण्यावर तरंगणाऱ्या गोळ्याचा). पातळी त्या नळीच्या तोंडाखाली साधारण २ सेंटिमीटर राहील असा फ्लोट खाली घ्यावा.

न्हाणीघराच्या फरशीची परीक्षा अशी: नहाणी ट्रॅपचे तोंड रबरी बुचाने बंद करावे, दारात ओल्या मातीचा किंवा कापडाचा बांध घालावा आणि फरशीवर २ ते ३ सेंटिमीटर रंगीत पाणी २४ तास उभे ठेवावे. खाली रंग उतरला तर जलरोधक थर किंवा सांधे गेले. नाही उतरला तर बुच काढून तेच पाणी एकदम सोडावे. आता खाली ओल आली तर दोष ट्रॅपचा किंवा त्यापुढच्या पाइपचा. दोन्ही परीक्षा एकाच दिवशी उरकू नयेत, नाहीतर रंग कुठल्या वाटेने आला ते कळत नाही. बेसिनखालचे ठिबकणे तर वर्तमानपत्राच्या कोरड्या कागदानेही सापडते. बेसिन भरून ठेवल्यावरच कागद भिजला तर वेस्ट कपलिंगचे (बेसिनच्या भोकातल्या जोडाचे) रबर, पाणी सोडल्यावर भिजला तर बॉटल ट्रॅपचा (त्याखालच्या बाटलीसारख्या भांड्याचा) सांधा. बॉटल ट्रॅपच्या चाक्या हाताने आवळायच्या असतात. पान्हा लावला की प्लॅस्टिक तडकते.

जागा नक्की झाली की दुरुस्ती तुलनेने सोपी असते, मात्र घाई नडते. सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या) पाइपचा तुकडा बदलताना आधी लाइन बंद करून सर्वांत खालचा नळ उघडावा आणि पाणी पूर्ण निथळू द्यावे. ओल्या पाइपवर सॉल्व्हंट सिमेंट (प्लॅस्टिकचे सांधे चिकटवायचा द्रव) धरत नाही. पाइप काटकोनात कापावा, आतली-बाहेरची कुसे काढावीत, कोरडा जोडून पाहावा. तो फिटिंगमध्ये एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश खोलीवर अडला पाहिजे. पाइपवर सिमेंट भरपूर आणि फिटिंगच्या आत पातळ लावावे. आतले जास्त झाले तर ते पाइपच्या वाटेत साचते. पाव वेढा फिरवत पाइप तळापर्यंत दाबावा आणि निदान १० सेकंद धरून ठेवावा, कारण फिटिंगचा आतला उतार त्याला मागे ढकलतो. हात लवकर सोडल्याने सांधा अर्धवट राहतो आणि पुढे केव्हातरी सुटतो. सिमेंट सीपीव्हीसीसाठीचेच हवे. साध्या पीव्हीसीचे सिमेंट गरम पाण्याच्या लाइनवर टिकत नाही. पाणी सोडण्याआधी डब्यावर लिहिलेली मुदत पाळावी, थंडीत ती वाढते. पीपीआर या दुसऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपला सिमेंट चालतच नाही. तिथे २६० अंश सेल्सिअसवर तापवून सांधा करतात: २० मिलिमीटरच्या पाइपला ५ सेकंद ताप, ४ सेकंदांच्या आत जोड, न फिरवता सरळ दाब आणि २ मिनिटे हात न लावणे.

टेफ्लॉन टेपबद्दल तर फारच गैरसमज आहेत. आट्यांचे तोंड आपल्याकडे धरले तर टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची. उलट गुंडाळली तर फिटिंग आवळताना ती सुटून गोळा होते. एकदा आवळलेला नळ सरळ दिसावा म्हणून थोडासा मागे फिरवला, की तो सांधा गेलाच. काढून नवी टेप लावावी. जास्त टेप म्हणजे जास्त खात्री, हेही खरे नाही. प्लॅस्टिकच्या मादी (आतल्या बाजूच्या) आट्यांत टेपचा जाड थर भरून पान्ह्याने आवळले तर तो पाचरीसारखा काम करतो. त्या दिवशी काही दिसत नाही, पुढे कधीतरी फिटिंगला उभी चीर पडते. म्हणून भिंतीतल्या नळाच्या जागी पितळी आट्यांचा एल्बोच (काटकोनी जोड) वापरावा. अँगल कॉकवरच्या कनेक्शन पाइपच्या चाकीला मात्र टेप लावूच नये. तिथे पाणी आतला रबरी वॉशर अडवतो, आटे नव्हेत. जुने कारागीर लोखंडी पाइपला सफेदा आणि ताग लावत आणि तिथे ते चालायचेही, पण तेलकट लेप सीपीव्हीसीला आतून कमकुवत करू शकतात.

जुन्या जस्ती लोखंडी पाइपची गळती बहुधा आट्यांशीच होते, कारण आटे पाडताना पाइपची जाडी तिथेच कमी झालेली असते. असा एक सांधा सोडवताना दुसऱ्या पाइप रेंचने पलीकडचा भाग धरून ठेवला नाही, तर पिळाने भिंतीतला पुढचा सांधा हलतो आणि एकीच्या दोन गळत्या होतात. एका लाइनवर ठिकठिकाणी क्लॅम्प बसू लागले असतील तर ती लाइन बदलण्याचाच विचार करावा. क्लॅम्प आणि इपॉक्सी पुट्टी हे माणूस येईपर्यंतचे उपाय आहेत, आणि पुट्टीसुद्धा पाणी बंद करून कोरड्या, घासलेल्या पाइपवर लावली तरच धरते.

दाबाचाही विचार लोक करत नाहीत. पाण्याच्या १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब पडतो. टाकी नळापेक्षा ५ मीटर वर असेल तर नळाशी अर्धा बारच असतो. त्या लाइनवर २ बारचा प्रेशर पंप बसवला की दाब एकदम चार-पाच पटींवर जातो आणि इतकी वर्षे शांत असलेले सांधे पाझरू लागतात. दोष पंपाला दिला जातो, पण लाइन आधी तपासलेलीच नसते. नव्या किंवा दुरुस्त लाइनवर प्लास्टर चढवण्यापूर्वी हातपंपाने, नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन मापकाचा काटा पाहावा. आधी लाइनमधली हवा पूर्ण काढावी आणि गीझर वेगळा करावा. ही चाचणी पाण्यानेच करावी. प्लॅस्टिकच्या पाइपमध्ये दाबाची हवा भरली आणि फिटिंग फुटले तर तुकडे उडून इजा होते.

एक ठिबकणे मात्र थांबवायचे नाही, ते म्हणजे गीझरच्या सुरक्षा व्हॉल्वचे. पाणी २० वरून ६० अंशांवर गेले की त्याचे आकारमान सुमारे दीड टक्क्याने वाढते. २५ लिटरच्या टाकीत हे वाढीव पाणी ४०० मिलिलिटरच्या आसपास होते. मागे जायला एकदिशा व्हॉल्व अडवत असेल तर ते सुरक्षा व्हॉल्वमधूनच बाहेर पडणार. तिथे बुच मारले तर टाकी फुटण्याचा धोका असतो. गीझर थंड असतानाही तिथून सतत पाणी येत असेल तर पुरवठ्याचा दाब जास्त आहे किंवा व्हॉल्वमध्ये कचरा अडकला आहे, आणि तेव्हा तंत्रज्ञाला बोलवावे.

दुरुस्तीनंतर लगेच रंग देण्याचा आग्रहही धरू नये. भिंत वाळायला काही आठवडे लागतात. लोणा आणि पोपडे खरवडून, कोरड्या ब्रशने झाडून ती उघडी ठेवावी. आतून जलरोधक रंग मारला तर अडकलेले पाणी शेजारून फुटते. पेन्सिलीची शेवटची रेघ पुढे सरकली नाही आणि भिंत आतपर्यंत कोरडी झाली, की मगच पुट्टी व रंग. भिंत बंद करण्यापूर्वी पाइपशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढावेत, जमिनीपासूनची आणि कोपऱ्यापासूनची अंतरे त्यात वाचता येतील असे. आणि कारागिराकडून बिलावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: कुठला सांधा बदलला, कुठल्या जातीचा व व्यासाचा पाइप घातला, किती दाबावर तपासला आणि किती वेळ.

आपला,
प्लंबिंग क्षेत्रातला एक वाचक